हाडामागची निवड: थायमसची गोष्ट

हे जे आत्ता स्क्रीनवर दिसतंय ना, फिकट गुलाबी, दोन पाकळ्यांसारखं, ते थायमस. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या अगदी वर. लहान बाळात चांगलं भरलेलं असतं आणि वयात आलो की आटत जातं, त्याच्या जागी चरबी साचते. मराठी परिभाषेत म्हणूनच त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, आणि मला हे नाव फार आवडतं, निम्मी गोष्ट नावातच आलीय.

बाकीची निम्मी कळायला मात्र १९६१ साल उजाडावं लागलं. त्याआधी नुसतं अज्ञान असतं तरी परवडलं असतं, पण झालं भलतंच. दीर्घ आजारानं गेलेल्या मुलांचं थायमस आजारामुळेच सुकलेलं असायचं आणि शवविच्छेदनात तेच बघून डॉक्टरांनी तो आकार नॉर्मल धरला, मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाचं थायमस त्यांना मोठं दिसायचं आणि यानंच श्वास कोंडला असं ठरवून टाकायचे. अमेरिकेत तर ते लहान करायला हजारो मुलांवर एक्स-रेचा मारा केला गेला आणि त्यातल्या कित्येकांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. निरोगी अवयवावर उपचार केला हो, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

मग लंडनमध्ये जाक मिलर नावाचे तिशीतले डॉक्टर उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, काम करत होते. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं थायमस काढलं. पिल्लू जेमतेम एक ग्रॅमचं, विचार करा हात किती स्थिर लागत असेल! मोठ्या उंदरांचं काढलं तर लगेच काही बिघडत नव्हतं, पण ही पिल्लं काही आठवड्यांनी खंगायला लागली, इन्फेक्शननं मरायला लागली, रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खूपच कमी. मिलरनी त्यांच्या पाठीवर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली. एरवी शरीर ती झिडकारून टाकतं, इथे ती चिकटून राहिली आणि तिच्यावर वेगळ्या रंगाचे केस उगवले. परकं कोण हे ओळखणारंच कोणी उरलं नव्हतं. थायमसमध्ये तयार होणाऱ्या लिम्फोसाइटना टी-सेल म्हणतात, त्यातला टी हा या थायमसचाच.

आता आत जाऊया. हाडांच्या मज्जेतून कच्च्या पेशी इथे येतात आणि जीन्सचे तुकडे उलटसुलट जोडून प्रत्येक जण आपापला रिसेप्टर, म्हणजे समोरचं प्रथिन ओळखून पकडणारा हात, बनवते. ही जोडणी रँडम असते, त्यामुळे काही रिसेप्टर अगदीच निकामी निघतात तर काही आपल्यावरच उलटतील असे. घरात धान्य आधी चाळतात आणि मग ताटात घेऊन खडे वेचतात तसं इथेही दोनदा होतं. बाहेरच्या भागात बघितलं जातं की आपल्याच पेशींवरचं एमएचसी प्रोटीन, ज्यात प्रथिनांचे तुकडे धरून दाखवले जातात, ते या पेशीला पकडता तरी येतंय का, नाही आलं तर ती मरते. मग आतल्या भागात उलटी परीक्षा, आपल्याच प्रथिनाला घट्ट धरलंस तर तुझीही गरज नाही. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात, बाकीच्या तिथेच संपतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, त्यांना गिळून टाकतात.

पण इन्सुलिन तर स्वादुपिंडात बनतं, मग ते आपलं आहे हे छातीतल्या पेशीला कसं दाखवणार? मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. थायमसच्या आतल्या भागातल्या पेशी इन्सुलिनसकट शरीरभरातली हजारो प्रथिनं थोडी थोडी स्वतःच बनवून दाखवतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रथिनांसाठी एअर नावाचं जीन लागतं. ते बिघडलेली माणसं आहेत, फिनलंडमध्ये जरा जास्त, त्यांच्या टी-सेल स्वतःच्याच पॅराथायरॉइड, अॅड्रिनल या ग्रंथींवर तुटून पडतात. शिवाय स्वतःला घट्ट धरणाऱ्या काही पेशी मारल्या न जाता रेग्युलेटरी टी-सेल होतात, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या. त्या शोधणाऱ्या शिमोन साकागुचींना २०२५ चं नोबेल मिळालं, दोन अमेरिकन संशोधकांसोबत.

मोठ्यांना थायमसचा काही उपयोग नाही असं बरीच वर्षं धरलं जायचं. २०२३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी ऑपरेशनमध्ये थायमस काढलेल्या मोठ्या माणसांचा हिशोब मांडला, पाच वर्षांत त्यांच्यातले ८.१ टक्के गेले, आणि छातीचंच ऑपरेशन झालेल्या पण थायमस शाबूत असलेल्यांमधले २.८ टक्के. कारण थायमसच आहे असं यावरून सिद्ध होत नाही, पण मला तरी आता त्याला बिनकामाचं म्हणवत नाही.

आणि हे शेवटचं दृश्य नीट बघा. बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन करताना वाटेत थायमस येतं, ते बरंचसं काढावंच लागतं आणि एरवी फेकून देतात. तेच पातळ काप करून, काही दिवस लॅबमध्ये वाढवून, थायमसशिवाय जन्मलेल्या दुसऱ्या बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. अमेरिकेत या उपचाराला ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. बाळाच्या स्वतःच्या मज्जेतल्या पेशी रस्ता शोधत मांडीपर्यंत येतात आणि सहा महिन्यांनी, कधी वर्षभरानं, त्याच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये स्वतःच्या नव्या टी-सेल दिसायला लागतात.