बोर्डाचा भाव अन मळ्यातला भाव

नमस्कार मंडळी, कसं काय? आज फुटबॉलवर बोलणार आहे, पण लगेच बटन फिरवू नका भो, ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही ऐका, कारण विषय शेवटी भावाचाच आहे अन भाव म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचेच कान टवकारतात.

तर झालं असं की मागच्या रविवारी रावेरकडे मामांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काड्या पेटलेल्या, वांगी भाजू राहिलेली, धूर बरोबर आमच्याच तोंडावर येऊ राहिलेला, अन माझा भाचा वांगी ठेचायला बसलेला. अंगात मँचेस्टर युनायटेडची, म्हणजे आम्हा दोघांच्या आवडत्या इंग्लिश क्लबची लाल जर्सी, पाठीवर सहा नंबर, पोग्बा, फ्रान्सचा मिडफिल्डर. मला काय खुमखुमी आली माहीत नाही, मी म्हटलं हा तुझा पोग्बा म्हणजे युनायटेडच्या इतिहासातला सगळ्यात ओव्हररेटेड माणूस. पोराने ठेचणं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं जसं मी भरतात साखर घातली.

आता आधी एक सांगतो. ओव्हररेटेड म्हटलं की लोक लगेच मासिमो ताइबीचं नाव घेतात. १९९९ ला आलेला इटालियन गोलकीपर, साउथहॅम्प्टनच्या ले टिसियेचा साधा सरपटत आलेला शॉट त्याच्या हातातून अन पायांमधून निघून गोलात गेला, नंतर चेल्सीने पाच घातले, चार मॅचमध्ये खेळ खल्लास. पण अहो ताइबीला कोणी रेट केलंच कुठे होतं? जेम्बा-जेम्बा नावाच्या मिडफिल्डरचंही तेच. ज्याला भावच मिळाला नाही तो महाग कसा पडेल? ओव्हररेटेड व्हायलासुद्धा आधी थोडं नाव लागतं.

मामा तिकडून काड्या सारत ऐकू राहिले होते. ते म्हणे, म्हणजे आपल्या केळीसारखं, बोर्डाचा भाव एक अन मळ्यातला भाव एक. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बोर्डावर भाव जाहीर होतो क्विंटलचा, पण व्यापारी बांधावर आला की म्हणतो घड बारीक आहे, माल पातळ आहे, गाडी मिळत नाही, अन हातात येतं ते कमीच. मी म्हटलं मामा, फुटबॉलमध्ये उलटं आहे, तिथं बोर्डापेक्षा जास्त देऊन माल उचलतात अन घरी आल्यावर घड मोजतात.

पोग्बाचा हिशोबच बघा ना. युनायटेडच्याच अकॅडमीतला पोरगा, २०१२ ला जवळपास फुकटात इटलीच्या युव्हेंटस क्लबला गेला. २०१६ ला त्यालाच ८ कोटी ९० लाख पाऊंडांच्या आसपास देऊन परत आणला, तेव्हाचा जगातला सगळ्यात महागडा सौदा. अन २०२२ ला करार संपला तसा परत फुकट गेला, परत युव्हेंटसलाच! असा व्यवहार आमच्या मामांनी केला असता तर मामींनी घरात घेतलं नसतं.

भाचा मला म्हणे मामा, मँचेस्टर सिटीची मॅच विसरले का? नाही विसरलो. एप्रिल २०१८, सिटीच्या मैदानावर, हाफटाइमला आपण, म्हणजे युनायटेड, दोन गोलने मागे, सिटी जिंकली असती तर तिथंच लीग त्यांची, अन पोग्बाने दोन मिनिटांत दोन गोल मारले, मग स्मॉलिंगने तिसरा. मी स्वतः खाटेवर उभा राहिलो होतो. पण पुढच्याच रविवारी काय झालं ते पण सांग ना रे. घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉम, टेबलात सगळ्यात खाली असलेली टीम, अन आपण एक-शून्य हरलो, पोग्बाला मधूनच बाहेर काढलं, अन सिटीला लीग घरबसल्या मिळाली. हे दोन रविवार, नाही नाही, पहिली मॅच शनिवारची होती, तर ते दोन वीकेंड शेजारी ठेवले की पोग्बा कळतो. फ्रान्सकडून त्याच वर्षी वर्ल्डकप फायनलमध्ये गोल मारला, तिथं शेजारी कांते होता धावायला. आपल्याकडे सगळ्यांना वाटे हाच धावेल, हाच पास देईल, हाच गोल मारेल.

अलेक्सिस सांचेझचं जास्त बोलत नाही, जखम ताजी आहे. जानेवारी २०१८ ला आला, सात नंबर घेतला, क्लबच्या व्हिडिओत पियानो वाजवला, ४५ मॅचमध्ये ५ गोल. पियानो बरा वाजवला होता. डी मारियाला २०१४ ला जवळपास ६ कोटी पाऊंडांना आणलं, लेस्टरविरुद्ध कीपरच्या डोक्यावरून असा अलगद गोल टाकला की वाटलं आता चिंता मिटली, अन तीच मॅच आपण तीन-एकने पुढे असताना पाच-तीन हरलो. एका सीझनमध्ये पॅरिसला पळाला. अँटनीने पहिल्या तिन्ही लीग मॅचमध्ये गोल मारले अन नंतर जागच्या जागी गरागरा फिरून चेंडू बाहेर घालवला. भोवऱ्याला एवढे पैसे कोण देतं?

तेवढ्यात भाचा हसला, म्हणे मामा, अन तुमचा वेरॉन?

त्याच्या आईने सांगितलं असणार, दुसरं कोण.

२००१ सालची गोष्ट आहे मंडळी. युनायटेडने इटलीच्या लाझिओ क्लबकडून हुआन सेबास्टियन वेरॉन या अर्जेंटिनाच्या मिडफिल्डरला २ कोटी ८१ लाख पाऊंडांना घेतलं, ब्रिटनमधला तेव्हाचा रेकॉर्ड. आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरात राहायचो, केबलवर मॅच लागायची, अन मी सगळ्या चाळीला सांगत सुटलो होतो की आता बघा. बाजारातून एक लाल टीशर्ट आणला, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून मागे वेरॉनचा चार नंबर काढून घेतला ऑइलपेंटने, तो वाळल्यावर इतका कडक झाला की पाठ टेकली की कुरकुर आवाज यायचा. अन वेरॉन पाहायला खरंच भारी होता हो, पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू असा वळवायचा की टीव्हीच्या एका कडेतून दुसऱ्या कडेत बरोबर पोचायचा, कॅमेऱ्यालाच मागे पळावं लागे. पण शेजारी रॉय कीन अन पॉल स्कोल्स होते, मिडफिल्ड आधीच भरलेलं, याला जागा करून द्यायची म्हणून स्कोल्सला पुढे ढकललं अन सगळी घडी विस्कटली. त्या सीझनला तिसरा नंबर, वर आर्सेनलने येऊन आपल्याच मैदानावर लीग जिंकली. पत्रकारांनी वेरॉनवर विचारलं तर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन त्यांना शिव्या घालून मोकळे झाले. मी पण गल्लीत तेच केलं, म्हणजे शिव्या घातल्या. दोन वर्षांत ८२ मॅच, ११ गोल, अन जवळपास अर्ध्या भावात चेल्सीला.

तोच वेरॉन पुढे आपल्या गावच्या एस्तुदियान्तेस क्लबला परत गेला अन २००९ ला त्यांना कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा मोठा कप, जिंकून दिला. म्हणजे माल चांगलाच होता, आपल्या रानात लागला नाही.

हे मी भाच्याला सांगू राहिलो होतो तर तो म्हणे, मग पोग्बाचं वेगळं काय बोललो मी? अन माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी म्हटलं वांगी ठेच.

नंतर जेवताना मी त्याला डेनिस आयर्विनचं नाव विचारलं. १९९० ला ओल्डहॅमहून ६ लाख २५ हजार पाऊंडांना आला, बारा वर्षं युनायटेडकडून खेळला, फुलबॅक, म्हणजे कडेचा बचाव सांभाळणारा, दोन्ही पायांनी सारखा, पेनल्टी फ्रीकिक सगळं. पोराला माहीत नाही. खरं सांगू का, माझ्याही टीशर्टवर आयर्विन कधी नव्हता, पेंटरने विचारलं असतं तरी मी काढू दिला नसता.

चला, माझा टाइम संपला, काचेपलीकडून हात दाखवू राहिले. पुढे बाजारभाव आहेत, केळीचा नीट ऐका, मामा तिकडे रेडिओ लावून बसले असतील. नमस्कार.