हवेचा फिल्टर आणि आपल्याकडची तांबडी धूळ

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की खानापूर भागात वीटभट्ट्यांची लगबग सुरू होते, निपाणी-चिकोडीकडे उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात आणि पावसाळाभर चिखल होऊन बसलेली माती धूळ होऊन उठते. तीच धूळ मोटारीच्या इंजिनाकडेही ओढली जाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि ती सगळी घड्या घातलेल्या एका कागदातून गाळून जाते. हा हवेचा फिल्टर आपला आपण तपासता येतो. थंड हवेच्या झोतासाठीचा एसीचा फिल्टर वेगळा, तो बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो.

इंजिन बंद करून गार होऊ द्यावे. बॉनेटखाली, इंजिनाकडे जाड नळी गेलेला काळा प्लास्टिकचा डबा दिसेल. त्याच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडवावेत. झाकण उचलताना सेन्सरच्या वायरीला ताण देऊ नये. फिल्टर कोणत्या बाजूने बसला होता, ते काढण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

कागद मळका दिसला म्हणून लगेच टाकून देऊ नये. बोटांनी घड्या अलगद विलगून पाहाव्यात आणि फिल्टर उजेडासमोर धरावा. उजेड आरपार येत नसेल किंवा घड्या धुळीने गच्च भरल्या असतील, तर बदलावा. माझ्या गाडीच्या डब्यात एकदा उंदराने आणलेली शेंगांची टरफले निघाली होती.

मळलेल्या फिल्टरपेक्षा फाटलेल्या फिल्टरची मला अधिक धास्ती वाटते. मळलेल्याने गाडीचा पिकअप कमी होतो. फाटलेल्यातून गेलेली धूळ सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते, टर्बो असलेल्या डिझेल गाडीत तर भरवेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळते. एका गॅरेजमध्ये माझा फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडून परत बसवला गेला. पुढे मी डबा उघडला, तेव्हा इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूवरून बोट फिरवताच बोटाला तांबूस पूड लागली आणि कागदाला एका घडीत नखाएवढी चीर दिसली. म्हणून कागदी फिल्टर जोरदार हवेने झाडू नये, पाण्याने तर मुळीच धुऊ नये.

नवा बसवण्याआधी नळीच्या तोंडात स्वच्छ फडके धरून डबा ओलसर कापडाने पुसावा, आणि ते फडके आठवणीने काढावे. फिल्टरची रबरी कड खाचेत चहूबाजूंनी बसली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. क्लिप जोर लावल्याशिवाय लागत नसेल, तर कड कुठेतरी दुमडली आहे असे समजून झाकण पुन्हा उघडावे.

फिल्टर किती किलोमीटरला बदलावा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. परंतु रोज कच्च्या रस्त्याने जाणाऱ्यांनी त्या आकड्याची वाट न पाहता दर पाच हजार किलोमीटरला डबा उघडून पाहावा. नव्या फिल्टरच्या कडेवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा पेनाने लिहून ठेवावा.