किनाऱ्याला लागल्यानंतर

(वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधुभगिनींनो,

आजचा विषय इथल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी दिला आहे. अमेरिकन लेखिका आयन रँड यांच्या कादंबऱ्या वाचून ती भारावून गेली आहेत आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे. स्वतःचं हित हेच आयुष्याचं ध्येय मानणारा माणूस रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, प्रामाणिकपणे गुडघे टेकू शकतो का? प्रश्न फक्त वाचणाऱ्यांचा नाही. रँडचं एक पानही न उघडलेली माणसं आज म्हणतात, 'माझ्या कष्टाचं आहे, मी कुणाचं देणं लागत नाही.'

आधी या बाईंचं म्हणणं नीट समजून घेऊ. त्यांचा जन्म १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एका ज्यू औषधविक्रेत्याच्या घरी झाला. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी वडिलांचं दुकान जनतेच्या नावाने जप्त केलं. त्यागाची भाषा आणि बंदूक या दोन गोष्टी त्या मुलीने एकत्र पाहिल्या. १९२६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १९६४ मध्ये त्यांचा स्वार्थालाच सद्गुण म्हणणारा निबंधसंग्रह आला. त्यांचा स्वार्थ म्हणजे लूट नव्हे. स्वतःचा बळी दुसऱ्यासाठी द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा स्वतःसाठी घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. चोर त्यांच्या लेखी स्वार्थी नाही, परोपजीवी आहे.

आपल्या समुद्रात काही बोटी एलईडीचा झगझगीत उजेड पाडून मासळी गोळा करतात. केंद्राने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी चोरून चालतंच. लहान होडीवाला रिकाम्या हाताने परततो. याला आपण स्वार्थ म्हणतो. रँडचा अनुयायी म्हणेल, हा स्वार्थ नव्हे, मूर्खपणा आहे. उद्याची मासळी आज संपवणाऱ्याला स्वतःचं हित कळलेलंच नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला ओढून ठेवण्यात शहाणा स्वार्थ आहेच. इथपर्यंत माझं त्यांच्याशी भांडण नाही.

पुढेही बरंच मान्य करता येतं. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' या आज्ञेत स्वतःवरची प्रीती आधीच धरलेली आहे. मध्ययुगातले थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस तर स्पष्ट लिहितात की देवाच्या खालोखाल माणसाने शेजाऱ्यापेक्षा स्वतःवर, म्हणजे स्वतःच्या आत्म्यावर, अधिक प्रीती करावी. 'सगळं जग मिळवून जीव गमावला तर काय लाभ?' असं येशू विचारतो, तेव्हा तो लाभाचीच भाषा बोलतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला. संत पौल सांगतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आणि १९४६ मधल्या एका पत्रात रँड यांनीच कबूल केलं आहे की प्रत्येकाचा आत्मा पवित्र आहे हे शिकवणाऱ्या पहिल्या थोर गुरूंपैकी येशू एक होता. तक्रार पुढची आहे. आत्मा वाचवायचा तर दुसऱ्यासाठी जगा, असं येशूने किंवा त्याच्या भाष्यकारांनी सांगितलं आणि तिथे विसंगती शिरली, असं त्या म्हणतात.

त्यांच्या रागातला एक भाग आपण मुकाट्याने ऐकायला हवा. आपल्या घरांमध्ये 'तुझा क्रूस तू उचल' हे वाक्य बहुतेक वेळा सुनेला ऐकवलं जातं, कमावत्या मुलाला क्वचितच. खलाशाला पगारवाढ नाकारताना मालक त्याला समाधानी राहण्याचा उपदेश करतो. दुसऱ्याकडून काढून घेतलेल्या त्यागाला शुभवर्तमानात आधार नाही. 'माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो,' असं येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. कुरकुरत किंवा सक्तीने देऊ नका, असं पौल करिंथकरांना बजावतो. बळजबरीचा त्याग रँडना नकोसा होता. मलाही नको आहे.

मग वाट फुटते कुठे? रँड यांचा संकटप्रसंगांवर एक निबंध आहे. अनोळखी माणूस बुडत असेल आणि तुमच्या जिवाला धोका फारसा नसेल, तर त्याला वाचवणं योग्य. धोका मोठा असेल तर वाचवायला जाणं अनैतिक. जहाज फुटलं तर सोबतच्या प्रवाशांना हात द्या, पण स्वतःचा जीव देऊन नाही. आणि सगळे किनाऱ्याला लागले की संपलं. त्यांचं दारिद्र्य किंवा अज्ञान दूर करायला आपण बांधलेले नाही. आजार आणि गरिबी त्यांच्या मते संकटात मोडतच नाहीत. मदतीला त्या बंदी घालत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वाटलं तर करा, मात्र ते कर्तव्य नाही.

दर्याकाठच्या माणसांपुढे हा निबंध वाचताना मला बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आठवला. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे, जहाजावर २७६ माणसं आहेत, वादळ चौदा दिवस हटत नाही. रात्री खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून मचवा खाली सोडतात. त्यांना एकट्यानेच निसटायचं आहे. पौल शिपायांना म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. तो शिपायांच्या स्वार्थालाच हात घालतो. मग सगळ्यांना सांगतो, काही खाऊन घ्या, तुमचा जीव वाचायला ते लागेल. इथवर रँडही मान डोलावतील. पुढे जहाज वाळूत रुततं, पोहणारे उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांना धरून तरतात आणि सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात.

रँडचा निबंध इथे थांबतो आणि बायबलची गोष्ट सुरू होते. पाऊस आणि थंडी आहे म्हणून बेटावरचे लोक शेकोटी पेटवतात. पुब्लियस नावाचा बेटाचा प्रमुख त्यांना तीन दिवस घरी ठेवून घेतो. तीन महिने ही माणसं तिथे राहतात आणि निघताना लागेल ते सामान बेटकरी जहाजावर भरून देतात. ते ख्रिस्ती नव्हते, ओळखीचे नव्हते, या कैद्यांचं काही देणं लागत नव्हते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्नही किनाऱ्यावरचेच आहेत: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. रँड ज्यांना संकटाच्या यादीतून वगळतात, तीच ही माणसं.

याच्या मुळाशी एक खोल मतभेद आहे. माणूस आपला आत्मा स्वतः घडवतो, असं रँड मानतात. पौल विचारतो, 'तुला मिळालं नाही असं तुझ्याजवळ काय आहे?' आपल्या वाड्यांकडे बघा. समुद्र हाकेच्या अंतरावर असून आपल्या विहिरींना गोडं पाणी लागतं, कारण पूर्वजांनी राखलेली बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, पावसाचं पाणी जमिनीत मुरवतात. केळीचा घड माझ्या कष्टाचा, हे खरंच. पण ते पाणी, लावायला मुनवे (केळीचे कोंब) देणारी आजी, लावणी शिकवणारा बाप, याची किंमत मी कुणाला चुकती केली? देणारे निघून गेले. ते देणं फेडायचं तर पुढच्यालाच द्यावं लागतं. बावखल बुजवून प्लॉट विकणाऱ्याकडे सातबारा असतो, कायदाही असतो. तरीही तो केवळ आपलंच विकतोय, असं मला म्हणवत नाही.

१९६४ च्या एका मुलाखतीत रँड क्रूसाबद्दल बोलल्या: परिपूर्ण माणसाचा बळी अपूर्ण माणसांसाठी दिला गेला, आणि नेमकं हेच त्यांना असह्य होतं. आपल्यातल्या अनेकांपेक्षा त्यांना क्रूस अधिक कळला होता. समजून उमजून त्यांनी तो नाकारला. म्हणून दोन्हीची गोळाबेरीज करू पाहणाऱ्यांची पंचाईत होते. अमेरिकेतले कॅथलिक राजकारणी पॉल रायन यांनी २००५ मध्ये आपण रँडमुळे सार्वजनिक जीवनात आलो असं सांगितलं होतं. २०१२ मध्ये त्यांनी ते तत्त्वज्ञान निरीश्वरवादी म्हणून झटकलं आणि अक्वायनसचं नाव घेतलं. माझ्या मते दुसऱ्या वेळी ते बरोबर होते. रँडकडून कष्टाचा मान घ्या, जुलमाचा तिटकारा घ्या. पण 'मी कधीही दुसऱ्यासाठी जगणार नाही' ही त्यांच्या कादंबरीतल्या नायकाची शपथ आणि 'हे माझं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं' हे मिस्सातले येशूचे शब्द एका तोंडाने म्हणता येणार नाहीत.

एका मुलीने चिठ्ठीत लिहिलंय: स्वर्ग मिळावा म्हणून देणारा ख्रिस्ती माणूसही शेवटी स्वार्थीच ना? आक्षेप रास्त आहे, आणि तो येशूचा शिष्य पेत्र यानेच जवळजवळ उघड केला होता. 'आम्ही सर्व सोडलं,' असं त्याने येशूला सांगितलं. येशूने त्याला झिडकारलं नाही. शंभरपट मिळेल म्हणाला, आणि त्या यादीत छळही घातला. मात्र ते बक्षीस आहे देवाच्या सहवासाचं, आणि देव प्रीती आहे, असं योहान लिहितो. ज्याला दुसऱ्यावर प्रीती करायचीच नाही, त्याला त्या स्वर्गात करमणार कसं? तो हवाहवासा वाटायलाच आधी माणूस बदलावा लागतो. या मुलीचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे, तो तिने स्वतःच उभं राहून विचारावा.