अंगठा कुठल्या हाताचा?

(फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

हं, आता ऐकू येतंय. माइकच्या या शिट्टीला आपण शुभशकुन मानायला हरकत नाही. जत्रेच्या नाटकात ती वाजल्याशिवाय पहिला अंक सुरू झालेला मी तरी पाहिलेला नाही. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'चालता प्रभार आणि चुंबकाचं बल'. सेक्रेटरींनी फोन करून विचारलं होतं, सर, जरा सोपं नाव द्यायचं का? म्हटलं, राहू द्या, चार माणसं घाबरून घरी बसतील आणि चहा पुरेल. तुम्ही तर हॉल भरून आलात. आता चहाचं सेक्रेटरींनी बघायचं.

मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत आणि मुद्दा एकच सांगायचाय. चुंबकाच्या बाबतीत निसर्गाला डावं-उजवं कळत नाही. ते हात त्यात आपण घुसवले. हे मी शेवटी दाखवणार आहे, त्यासाठी हा सेल आणि या दोन पट्ट्याही आणल्यात. पण आधी हात बाहेर काढा. डावा. हो, डावाच. लाजू नका, इथे कुणी तीर्थ वाटत नाहीये.

शाळेत सगळ्यांनी केलंय हे. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरायची. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं, आणि अंगठा दाखवतो बल कुठे लागणार ते. समजा हा मंच उत्तरेला आहे. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या गोव्यात बरंचसं आडवं, उत्तरेकडे जाणारं, म्हणून तर्जनी माझ्याकडे रोखा. तार पश्चिमेकडून पूर्वेकडे जातेय, मधलं बोट तुमच्या उजवीकडे. अंगठा कुठे गेला? छताकडे. म्हणजे तारेला वर उचलणारं बल. किती? पृथ्वीचं क्षेत्र धरा ४० मायक्रोटेस्ला आणि तारेतून सोडा १०० अँपिअर. मीटरभर तारेला चार मिलिन्यूटन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी वजन उचलेल एवढं. जाईच्या दोन-चार फुलांचं. मागच्या रांगेतल्या काकांचा अंगठा जमिनीकडे गेलाय. काका, तुम्ही उजवा हात काढलात. (हशा) हसू नका त्यांना. त्यांच्यासाठीच मी आज इथे उभा आहे.

कारण मी डावखुरा.

अंत्रुजात, म्हणजे या आपल्या फोंडा भागात, देवळं किती आणि डावखुऱ्यांना जागा किती, हे इथे वेगळं सांगायला नको. आमची आजी जेवायला वाढताना माझ्या शेजारी बसायची, आणि हात शितात गेला की तिचा आवाज: "दावो न्हय रे, उजवो!" गावच्या देवळात एकदा मी तीर्थाला डावी ओंजळ पुढे केली. भटजींनी पळी हवेतच धरली. बोलले काहीच नाहीत, नुसती पळी धरून उभे राहिले, आणि माझ्या मागे रांग वाढत गेली. त्या पळीतलं पाणी थरथरत होतं ते मला अजून दिसतं. उजवा हात पुढे केला तेव्हा पळी खाली आली. शाळेत एका मास्तरांनी दोन वर्षं माझ्या डाव्या बोटांवर पट्टीचा प्रयोग केला. प्रयोग फसला. मी आजही डाव्याच हाताने लिहितो, आणि मास्तरांपेक्षा अक्षर बरं आहे.

मग कॉलेजात गेलो आणि फळ्यावर आलं, 'डाव्या हाताचा नियम'. मला काय वाटलं असेल? सबंध आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की हे काम डाव्या हातानेच करायचं, उजव्याने केलंत तर चुकेल! फ्लेमिंग हा लंडनमध्ये शिकवणारा प्राध्यापक, मुलांच्या लक्षात राहावं म्हणून त्याने ही बोटं बसवली. मी मनातल्या मनात त्याला आमच्या देवळाचा महाजन करून टाकलं.

आणि त्यानेच मला बुडवलं. तोंडी परीक्षा होती. समोर बाहेरून आलेले परीक्षक, नाव-गाव सांगत नाही. त्यांनी विचारलं, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे चाललाय, क्षेत्र उत्तरेकडे, बल कुठे? आकृती काढत बोला. आता बघा हं माझी पंचाईत. पेन डाव्या हातात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा हात मोकळा असतो, त्याचं फ्लेमिंगशी जमतं. माझा मोकळा हात उजवा. घाईत मी तोच उचलला. तर्जनी समोर, मधलं बोट उजवीकडे, अंगठा जमिनीकडे. म्हटलं, "खाली."

उत्तर बरोबर होतं! इलेक्ट्रॉन ऋण. तो पूर्वेकडे गेला म्हणजे धारा पश्चिमेकडे धरायची, मग डाव्या हाताने अंगठा खालीच येतो. मी हात चुकीचा घेतला आणि वर इलेक्ट्रॉनचं ऋण चिन्ह विसरलो. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. परीक्षकांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, अगदी भटजींसारखं, आणि म्हणाले, "उत्तर बरोबर, हात चुकीचा." निम्मे गुण कापले.

त्या निम्म्या गुणांवर मी पुढे तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय. (हशा, टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो. पण 'उत्तर बरोबर, हात चुकीचा' हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण गोव्यात उभं राहून हे सांगितलं नाही तर पाप लागेल. १५३८ मध्ये जुआंव द कास्त्रू नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून गोव्याला यायला निघाला. पुढे इथला व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये इथेच वारला. हा माणूस वाटेत जागोजागी होकायंत्राची सुई किती ढळते ते मोजत होता. मोझांबिकला आल्यावर सुई भलतंच दाखवायला लागली. त्याने शोधून काढलं की दोष सुईचा नाही, शेजारच्या तोफेचा. तोफा, नांगर, जहाजावरचं लोखंड सुईला ओढतंय. त्याच वर्षाच्या शेवटी वसईजवळ त्याला खडकांमुळेही सुई हललेली आढळली. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या लढाया असतात, ही सुई नसते. ती यायला हवी असं माझं मत आहे, आणि हे मत मी आतापर्यंत सात ठिकाणी मांडलंय, एकाही ठिकाणी कुणी मनावर घेतलेलं नाही.

लोखंड सुईला फसवतं हे असं तेव्हाच कळलं. पण नुसती तांब्याची तार, तिच्यात धारा असेल तर, ती पण सुईला फसवते हे कळायला १८२० उजाडावं लागलं. ते दाखवलं कोपनहेगनचा प्राध्यापक ओर्स्टेड याने. आणि ही फसवणूक किती जबरदस्त, ते आपल्या मुंबईला विचारा. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे नानाभाई मूस यांनी ओळखलं की रुळांतून धारा वाहायला लागली की आपली सुई संपली. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजणी केली, जुने आकडे नव्यांना जोडता यावेत म्हणून. विजेच्या ट्राम धावल्या १९०७ मध्ये, तोवर सुया खाडीपलीकडे सुखरूप. अलिबागची ती इमारत बांधताना दगडसुद्धा चुंबकाशी संबंध नसलेला निवडला. आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही कोणी एवढं पाहत नाही.

(चिठ्ठी येते.) काय? बारा मिनिटं? मघाशी मी घड्याळ पाहिलं तेव्हा... बरं. बारा तर बारा. आता जे सांगायला आलो होतो ते.

पहिलं. चुंबकाचं बल चालत्या प्रभारालाच लागतं आणि नेहमी चालीच्या आडवं लागतं. म्हणून ते वळवतं, पळवत नाही. मळणीच्या मेढीला बांधलेला बैल आठवा. दाव्यामुळे तो गोल फिरतो, पण चालतो स्वतःच्या पायांनी, दावं त्याला वेग देत नाही. एकसारख्या क्षेत्रात सोडलेला इलेक्ट्रॉन असाच फिरतो. क्षेत्राच्याच दिशेने निघाला तर काहीच होत नाही, सरळ जातो. तारेत असे असंख्य इलेक्ट्रॉन, प्रत्येकाला आडवा हिसका, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे तारेवरचं बल: क्षेत्र गुणिले धारा गुणिले लांबी, तार काटकोनात असेल तर. हा तुमच्या डोक्यावरचा स्पीकर त्यावरच बोलतोय. कड्यासारखं चुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू. धारा उलटली की बल उलटतं, शंकू आत-बाहेर होतो. म्हणजे मी चुंबकीय बलावर बोलतोय आणि तुमच्यापर्यंत ते पोचवतंयही चुंबकीय बलच. या वाक्यावर मी पाच मिनिटं थांबणार होतो. जाऊ द्या.

दुसरं, प्रयोग. कुणीतरी मुलगी या पुढे. या फॉइलच्या दोन पट्ट्या, उभ्या, शेजारी शेजारी टांगलेल्या. दोन्हींत धारा वरून खाली. लाव सेल. दिसलं? जवळ आल्या. आता एकीची टोकं बदल. लांब गेल्या. हे अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ओर्स्टेडची बातमी कळल्यावर काही आठवड्यांतच, १८२० मध्येच दाखवलं. अँपिअर या एककाची व्याख्याही २०१९ पर्यंत अशीच होती. एक मीटर अंतरावरच्या दोन लांब तारा, दर मीटरला बल एका न्यूटनच्या कोटी भागांतले दोन. आता मला सांगा, पट्ट्या जवळ येताना तुम्ही कुठला हात वापरलात? कुठलाच नाही. एका दिशेच्या धारा एकमेकींना ओढतात, उलट दिशेच्या ढकलतात, बास. यात डावं-उजवं कुठे आहे?

ते येतं मधल्या पायरीत. आपण म्हणतो, पहिल्या पट्टीने क्षेत्र निर्माण केलं, त्याची दिशा उजव्या हाताने काढा: अंगठा धारेकडे, वळलेली बोटं क्षेत्राकडे. मग त्या क्षेत्राने दुसरीवर बल लावलं, तिथेही पुन्हा हात. आता दोन्ही पायऱ्यांचे हात बदला. क्षेत्राची दिशा उलटी येईल, पण बल काढतानाही तुम्ही उलटाच हात वापराल, आणि पट्ट्या पूर्वीसारख्याच जवळ येतील. दोन चुका एकमेकींना खाऊन जातात. आठवलं? उत्तर बरोबर, हात चुकीचा! क्षेत्राचा बाण हा आपला हिशेब आहे. हात एकदाच बदलला तरच गणित चुकतं.

मग ओर्स्टेडच्या सुईचं काय, असं कुणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं. तार सुईच्या बरोबर वर, सुईच्याच रेषेत. डावीकडे आणि उजवीकडे सगळं सारखं. तरी सुई एकाच बाजूला वळते. कुणी सांगितलं तिला बाजू निवडायला? एर्न्स्ट माखसारखा मोठा पदार्थवैज्ञानिक या कोड्यापाशी थबकला होता. उत्तर असं की सुई दिसते तशी दोन्हीकडून सारखी नाही. तिच्या लोखंडात गोल फिरणाऱ्या धारांसारखं काहीतरी आहे, आणि सुईच्या लांबीला समांतर उभा आरसा धरला तर त्यात हे गोल फिरणं उलटं होतं. आरशातल्या सुईचा उत्तर ध्रुव दक्षिण झालेला असतो. तेवढं ध्यानात घेतलं की आरशातला प्रयोगही नियमानेच चालतो. हे फळ्यावर काढलं असतं तर पटकन पटलं असतं. घरी जाऊन आरशासमोर बोट छताकडे करून हवेत ताटासारखा आडवा गोल काढून पाहा.

दोन मिनिटं. दोनच. कारण शेवटचं सांगितलं नाही तर आजीला न्याय मिळणार नाही. १९५६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये चिएन-शिउंग वू या बाईंनी कोबाल्ट-६० अतिथंड करून चुंबकीय क्षेत्राने त्याचे अणुगर्भ एका दिशेला लावले आणि त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. आरशातला निसर्गही त्याच नियमांनी चालतो, हा आरशाचा नियम इथेही खरा असता तर ते वर-खाली सारखेच पडायला हवे होते. पडले नाहीत. एका बाजूला जास्त. अशी शंका ज्यांनी काढली त्या ली आणि यांगना १९५७ चं नोबेल मिळालं. बाईंना नाही, ही वेगळी तक्रार, तिच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा. तर चुंबकाला डावं-उजवं कळत नाही, पण अणुगर्भातून असे इलेक्ट्रॉन बाहेर काढणाऱ्या क्षीण बलाला कळतं. त्याच्यातून न्यूट्रिनो नावाचे जे प्रभार नसलेले सूक्ष्म कण निघतात, ते पुढे जाताना एकाच बाजूने गिरकी घेतात, म्हणजे सगळे एकाच हाताचे.

कुठल्या, असं समोरून काका विचारतायत. डाव्या, काका. सगळेच्या सगळे डावखुरे. (टाळ्या)

झालं, झालं, उतरतो. मुली, तो सेल काढलास का? आधी सेल काढ, पट्ट्यांना हात लावू नकोस, तापल्या असतील.