आजोबा झोपले होते

नमस्कार मंडळी. तिळगूळ सगळ्यांना मिळाला असेल, तर आता थोडा वेळ माझं ऐका.

डिसेंबरात आम्ही तिघं न्यूयॉर्कला 'नटक्रॅकर' हा बॅले पाहून आलो. मी, माझी नऊ वर्षांची लेक आणि बाबा. मी तो पहिल्यांदा पाहिला १९८७ साली, तिच्याच वयाची असताना, त्याच थिएटरात. आम्हाला अमेरिकेत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिकिटं सगळ्यात वरच्या मजल्याची, कारण ती स्वस्त.

तेव्हाचं मला आठवत होतं ते झाड. नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनने १९५४ साली बसवलेल्या या प्रयोगात ख्रिसमसचं झाड बघता बघता ४१ फुटांपर्यंत वाढतं. शिवाय दुसऱ्या अंकात चॉकलेट, कॉफी, चहा असा सगळा खाऊच नाचायला येतो. आपल्याकडे फराळाच्या ताटातल्या चकलीने उठून गिरकी घ्यावी तसं! आणखी एक आठवत होतं. बाबा झोपले होते. डोळे मिटलेले, मान छातीवर. मला इतकी लाज वाटली की शाळेत कुणाला काही सांगितलंच नाही.

या वेळी झाड वाढलं, लेक किंचाळली. माझं लक्ष मात्र स्टेजवरच्या पोरांकडे. साठेक मुलं असतात हो त्यात! आपल्याला गणपतीच्या नाटकात बारा उंदीर विंगेत गप्प बसवताना घाम फुटतो.

मग शेवटाकडे शुगरप्लम परी आणि तिचा जोडीदार आले. हे युगुलनृत्य मला अजिबात आठवत नव्हतं. लहानपणी बहुधा कंटाळले असेन. चेलोवर सूर सुरू झाले आणि मी चमकले. सा नी ध प म ग रे सा. बस, एवढंच. बिलावलचा सरळ अवरोह, गाण्याच्या क्लासात पहिल्या आठवड्यात घोटून घेतात तो. या बॅलेचा संगीतकार चायकोव्हस्की तोच पुन्हा पुन्हा वाजवून घेतो आणि दर वेळी काहीतरी जास्त तुटतं. हे काम हातात असतानाच, १८९१ च्या एप्रिलमध्ये, त्याची बहीण साशा गेली. पॅरिसमध्ये वर्तमानपत्र चाळताना त्याला ते कळलं. परीच्या नाचाला इतकं दुःखी संगीत कशाला, हा प्रश्न नवव्या वर्षी पडत नाही.

मी बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान छातीवर. पण उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती, एकेक सूर खाली उतरत. सांगलीला बाबा पेटी वाजवायचे. इकडे येताना ती काकांकडे राहिली, ती राहिलीच.

परतीच्या ट्रेनमध्ये लेकीने तक्रार केली, "आई, आजोबा झोपले होते!"

बाबा आज इथे तिसऱ्या रांगेत बसलेत, म्हणून त्यांचं उत्तर जसंच्या तसं सांगते. ते म्हणाले, "हो गं, जरा डोळा लागला."