एमएच १३, नंबर सांगू का पुढचा?

सकाळचे साडेआठ, सोलापूरचा अशोक चौक. निळ्या कुर्त्यातली, हातात कापडी पिशवी घेतलेली ती बघा, ती नेदरलँड्सची, सोलापुरी चादरीचं जॅकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणायची पद्धत, शिकायला आली आणि वर्ष होत आलं इथंच राहतेय. आता मागून येणारी बाईक ऐका. हॉर्न, मग 'ओ गोरी', मग शिट्टी. टपरीवर पाच-सहा माणसं आहेत, एकानंही मान वर केली नाही.

सुरुवातीला ती हसून पुढं जायची, तिच्या देशात अनोळखी माणसाला बघून हसतात म्हणून, पण इथं पोरांनी त्याचा भलताच अर्थ काढला. मग कानात हेडफोन, तर मागची गाडीच ऐकू येईना, भीती अजून वाढली.

हे शेजारच्या मावशींचं घर. घरात तेलुगू, दारात मराठी, मांडीवर सूप. विड्या वळणारे हात बघा त्यांचे. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या साच्यावर कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. हजार विड्या झाल्या की कारखान्यात माल द्यायचा, आणि तिथं कुणी एकटी जात नाही, चार-पाच जणी मिळून जातात कारण वाटेत हेच, शिट्ट्या, गाणी, अंगावर गाडी घालणं. मावशी तीस वर्षं ऐकतायत. पाहुणीला त्रास झाला की आपल्याला लाज वाटते, या बायकांचं मात्र कुणी विचारलंच नाही कधी.

मावशींनी तिला सोबत घेतलं. पळायचं नाही, हसायचं नाही, थांबायचं, गाडीचा नंबर मोठ्यानं वाचायचा. हे रात्रीचं स्वयंपाकघर, भाकरी तव्यावर आणि प्रॅक्टिस चालू, "काय बघूलालास बे?" तिचं 'बे' मऊ पडतंय म्हणून मावशी परत परत म्हणायला लावतायत, हा शॉट आम्ही कापलाच नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये अशा शेऱ्यांना, इशाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद आहे, बाई कुठल्याही देशाची असो, फोन ११२. तिनं एकदा तक्रारही दिली. रात्री ती अजून एकटी बाहेर पडत नाही.

हे परवाचं. तोच चौक, मावशी आणि तिघी पुढं, ती मागं. बाईक आली, ती थांबली. "एमएच तेरा..." नंबर अर्धा झाला आणि टपरीवाले काका गाळणी हातात घेऊनच रस्त्यावर आले.