खण उलटा करून बघा

(दृश्य: खिडकीशेजारी जुनं लिहायचं डेस्क. दोन हात वरचा खण बाहेर ओढतात.)

जुनं डेस्क घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा आधी वरच्या फळीवरून हात फिरवतो. झळाळी बघतो, पितळी मुठी बघतो, एक खण उघडून मिटतो. ज्याला पारख आहे तो तो खण पूर्ण बाहेर काढतो, आतलं सामान बाजूला ठेवतो आणि खण पालथा घालतो.

दर्शनी भाग विकण्यासाठी सजवता येतो. खणाच्या तळाला मात्र सहसा कुणी पॉलिश करत नाही. कारागिराने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तो जसा सोडला तसाच असतो.

(दृश्य: खणाचा कोपरा, अगदी जवळून.)

हा कोपरा नीट बघा. समोरची फळी महोगनीची, बाजूची ओकची. भारी लाकूड दिसेल तिथे आणि आत साधं लाकूड, ही जुनी रीतच आहे. त्यात फसवणूक नाही. दोन फळ्या एकमेकींत अडकल्या आहेत त्या डव्हटेल जोडाने, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांनी. ही कुसवं, म्हणजे जोडाचे दात, मोजून बघा: एक बारीक, एक किंचित जाड, शेवटचं अर्धंच. त्यांच्या मुळाशी आडवी, केसाएवढी रेघ दिसते. पटाशी कुठे थांबवायची यासाठी कारागिराने ती आखली आणि पुसायची गरज त्याला वाटली नाही.

आता शेजारचं डेस्क. सगळी कुसवं एकाच मापाची, मधलं अंतरही एकसारखं. हे यंत्राचं काम. आणि हा तिसरा जोड बघा: अर्धगोल खाचा आणि प्रत्येक खाचेत एक गोल खुंटी. अमेरिकेत 1867 मध्ये याचं पेटंट निघालं, कारखान्यांनी तो काही दशकं वापरला आणि विसावं शतक उजाडता उजाडता तो मागे पडला. असा कोपरा दिसला की डेस्कचा काळ जवळजवळ कळलाच. कागदपत्र नसलं तरी चालेल.

(दृश्य: खोलीत अंधार. टॉर्च फळीला चिकटून आडवी धरलेली.)

टॉर्च समोरून मारली तर काही दिसत नाही. आडवी धरली की करवतीच्या खुणा उठून येतात. इथे त्या सरळ आहेत, थोड्या वेड्यावाकड्या: हाताने किंवा सरळ पात्याने कापलेली फळी. आणि इथे कमानीसारख्या, एकामागे एक. ही गोल फिरणारी करवत. एकोणिसाव्या शतकाची पहिली काही दशकं सरल्यावर ती फर्निचरच्या कामात सर्रास दिसू लागते. अठराव्या शतकातलं म्हणून दाखवलेल्या डेस्कच्या पाठीवर अशा कमानी सापडल्या, तर विक्रेत्याला तिथेच विचारायचं.

स्क्रूचंही तसंच. जुने स्क्रू टोकाला बोथट असतात, डोक्यावरची खाच मधोमध नसते, थोडी सरकलेली असते. टोकदार स्क्रू 1840-50च्या सुमारास आले. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930च्या दशकातला. तो एखाद्या बिजागरीत दिसला म्हणून डेस्क खोटं ठरत नाही. कुणीतरी दुरुस्ती केली एवढंच. सगळेच स्क्रू तसे असले तर मात्र गोष्ट वेगळी.

आणखी एक खूण, माझ्या मते सगळ्यांत बोलकी. खण वर्षानुवर्षं उघडमीट झाला की त्याच्या बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा झिजतात, मागच्या टोकाला जास्त. ज्या पट्टीवरून खण सरकतो तिलाही खोलगट चर पडतो. दोन्ही झिजा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. खण झिजलेला आणि खालची पट्टी कोरी असेल, तर पट्टी बदललेली असेल किंवा खण दुसऱ्याच डेस्कमधून आलेला असेल. खालचा भाग एका डेस्कचा, वरचा दुसऱ्याचा, अशी जोडलेली मेजंही विकायला येतात. वरची आणि खालची पाठ शेजारी शेजारी बघितली की लाकडाचा रंग आणि रेषा सांगतात.

(दृश्य: उतरत्या झाकणाचं ब्यूरो. झाकण हळूहळू खाली येतं.)

हे झाकण दोन दांड्यांवर टेकतं. आधी दोन्ही दांड्या पूर्ण बाहेर ओढायच्या, मग झाकण खाली घ्यायचं. घाईत हा क्रम चुकला की सगळा भार बिजागरीवर येतो, म्हणून अशा डेस्कमध्ये पहिली नजर बिजागरीभोवतालच्या लाकडावर टाकायची. तिथे चीर किंवा ठिगळ बरेचदा सापडतं.

आत कागदांचे खाने, मधोमध छोटं दार आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोन नक्षीदार अर्धखांब. शोभेचे वाटतात ना? आता बघा.

(निवेदन थांबतं. खांब पुढे सरकतो. तो उभट अरुंद खोका आहे. लाकडाचा आवाज राहू द्यावा.)

राजेलोकांनाही कागद लपवायचे असत. फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी ओबेन या कारागिराने 1760 मध्ये एक डेस्क करायला घेतलं. ओबेन 1763 मध्ये वारला. त्याच्याच कार्यशाळेत काम करणाऱ्या रीझनेरने ते 1769 मध्ये पुरं केलं. नऊ वर्षं एका मेजावर! गोल सरकणारं झाकण ओढून घेतलं की टेबलावरचे कागद आहेत तसेच राहून कुलूपबंद होत. घराघरांत दिसणारं रोलटॉप पुढे त्याच कल्पनेवर चाललं, फक्त अखंड वळलेल्या झाकणाऐवजी कापडावर चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांवर. रोलटॉप घेताना झाकण अर्ध्यावर आणून सोडून बघा आणि आतून ते कापड तपासा. विरलेलं असेल तर पट्ट्या सुटायला लागतात. डेव्हनपोर्ट हे आटोपशीर डेस्क 1790च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या गिलोज या फर्निचर बनवणाऱ्यांनी एका कॅप्टनसाठी बनवलं, असं त्यांच्या नोंदी सांगतात. त्याचे खण बाजूला उघडतात. लहान खोलीत ते छान बसतं, पण ज्या बाजूला खण आहेत ती भिंतीला लावता येत नाही.

(दृश्य: कार्यशाळा. कापडाचा बोळा गोल गोल फिरतोय.)

आता पॉलिश. लाखेचे किडे फांदीवर जो थर सोडतात त्यापासून चपडा लाख होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ थर चढवायचे, एक वाळला की दुसरा, असे अनेक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे फ्रेंच पॉलिश रूढ झालं. आपल्या डेस्कवर तेच आहे का, हे बघायला झाकणाच्या आतल्या कडेला, कुठेतरी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब ठेवायचा. पृष्ठभाग चिकट झाला की लाख. फवाऱ्याने मारायचं नायट्रोसेल्युलोज लॅकर 1920च्या दशकात आलं, ते स्पिरिटला तितकं दाद देत नाही.

लाखेचा मोठा गुण असा की नवा थर जुन्यात मुरतो. म्हणजे पॉलिश मलूल झालं तर ते खरवडायचं काही कारणच नाही. आधी मऊ कापडाने धूळ, मग हलक्या हाताने मळ, मग गरज असेल तिथे थोडी लाख आणि वर मेण. बस.

(दृश्य: दुसरं डेस्क. त्यावर विजेचं घासणीयंत्र चालतंय.)

आणि हे. विनियर म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला भारी लाकडाचा पातळ पापुद्रा. हातकरवतीने कापलेलं जुनं विनियर मिलिमीटरपेक्षा जाड असायचं. नंतरचं, यंत्राने सोललेलं, त्याहून पातळ. कडेला आणि कोपऱ्यांवर ते आधीच झिजलेलं असतं. यंत्र फिरलं की आधी रंग जातो, मग कोपऱ्यावर खालचं पाइन दिसायला लागतं. शाईचा डाग, कोपर टेकून गुळगुळीत झालेली कड, कुलपाभोवती किल्लीने पडलेले ओरखडे, सगळं भुशाबरोबर जातं. किंमत उतरते. ते परत आणता येत नाही.

म्हणून खरवडून चकचकीत केलेलं डेस्क आणि मळकं पण मूळ पॉलिशचं डेस्क समोर असेल, तर मळकं घ्या. वरचं चामडं नवं असलं तरी हरकत नाही, चामडं बदलतच आलं आहे. मुठी बदललेल्या असल्या तर खणाच्या आतून बुजवलेली भोकं दिसतील. तेही चालतं, फक्त मूळ मुठींचे पैसे देऊ नका.

(दृश्य: मोजपट्टी, पाय, पाठ. पटापट.)

जुनी मेजं साधारण 76 सेंटिमीटर उंच. हाताने लिहायला ठीक, कीबोर्डला थोडी उंच. स्वतःची खुर्ची नेऊन बसून बघा. गुडघ्यावरची आडवी पट्टी किंवा मधला खण मांडीला लागायला नको. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा येऊन गेलेला. फिकट भुकटी ताजी सांडत असेल तर तो अजून आत आहे, आधी उपचार, मग घरात. शिसवी असेल आणि देशाबाहेर न्यायचं असेल तर साइट्सची (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं आधी बघा. शंभर वर्षं ओलांडलेल्याला अँटिक म्हणायची रीत आहे, त्याअलीकडचं व्हिंटेज. पण 1950-60च्या सागवानी डेस्कवरही खण पालथा घालायचा नियम तोच.

(दृश्य: खण वेगळे काढलेले. दोघंजण डेस्क उचलतात.)

उचलताना खण आधी बाहेर, आणि हात वरच्या फळीला नाही, खालच्या चौकटीला. हीटर आणि थेट उन्हापासून लांब ठेवा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं आणि फळी तडकते. खण अडकत असेल तर त्याच्या खालच्या कडांना पांढरी मेणबत्ती घासा, रंधा मारू नका. आणि लॅपटॉपच्या वायरसाठी पाठीला भोक पाडायचं नाही. वायर मागच्या कडेवरून खाली सोडा, डेस्क भिंतीपासून दोन बोटं पुढे राहील.